हवेची तपासणी

दिवाळी झाली की आमच्याकडे काजळी सुरू होते. सकाळी उठायचं, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवायचं आणि बोट पाहायचं, हे माझं पहिलं काम. बोट काळं निघालं की समजायचं, वारा भट्टीकडून होता. राखाडी निघालं तर रस्त्याची धूळ. पावसाळा सोडला तर बोट कोरडं-स्वच्छ निघालंय असं गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. मग ओलं फडकं घेऊन पुसायचं, दुपारी पुन्हा पुसायचं. खरं सांगते, आता कंटाळा आलाय मला. धुळीचा नाही, पुसण्याचा.

अकोल्याच्या कडेला, जिथे आधी कपाशीची वावरं होती, तिथे घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडला आणि आम्ही घर बांधलं. लेआउटच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे वीटभट्टी. आम्ही आलो तेव्हा ती लहानशी होती. मग गाव वाढलं, चारी बाजूंनी घरं उठली, घरांना विटा लागल्या, भट्टी मोठी झाली. भट्टीवाल्याला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते, कारण आमच्या घराच्या विटाही त्याच्याच. तेव्हा आम्ही खूश होतो की विटा नाल्यापलीकडूनच आल्या, वाहतूक वाचली.

भट्टीत काय जाळतात? कोळशाचा चुरा, लाकडाचा भुसा, आसपासच्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं. इथवर ठीक, म्हणजे ठीक नाहीच, पण सहन करता येतं. कोळसा कमी पडला की जुने टायर येतात, चपलांचे तुकडे येतात, प्लास्टिकच्या गोण्या येतात. टायरच्या दिवशी धूर काळाकुट्ट असतो आणि त्याचा वास घशात बसतो. त्या दिवशी जेवणालाही रबराची चव लागते. एकदा उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घातल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, गव्हाच्या चिकाच्या. संध्याकाळी पाहते तर सगळ्यांवर तिळासारखे काळे ठिपके. शेजारीण म्हणाली, "तळल्यावर दिसत नाही जी ते." मी त्या सगळ्या परातीत गोळा केल्या आणि नाल्यात ओतल्या.

हे सगळं मी गिळलं असतं. आपल्याकडे माणूस काय काय गिळत नाही! पण माझ्या नवऱ्याला श्वास घेता येईना.

ते गॅरेजमिस्त्री. ट्रक, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, जे पुढ्यात येईल ते दुरुस्त करायचे. आयुष्यभर गाड्यांचा धूर नाकाशी घेतला, आणि गाडीचा आवाज ऐकून सांगायचे की हिच्या छातीत कफ आहे. मग त्यांच्याच छातीतून तसा आवाज यायला लागला. आधी जिना चढताना, मग अंघोळ करताना, मग नुसतं बोलताना. गेटपासून ओसरीपर्यंत यायला मधे एकदा थांबायचे आणि थांबलोच नाही असं दाखवायला जास्वंदीकडे पाहत उभे राहायचे. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, तोंडात दाबायचा पंप दिला. म्हणाले, "बिघाड जुना आहे, पण आत्ता वाढतोय तो तुमच्या घरामागच्या धुरानं. औषध मी देईन. हवा मी कुठून देऊ?"

घरी आलो. संध्याकाळ होती, नाल्यावर धुराचा पट्टा पसरला होता. ते म्हणाले, "चल, खिडक्या लाव." मी खिडक्या लावल्या आणि अर्ज लिहायला बसले. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे, अर्ज लिहायला मला कोणाची मदत लागत नाही.

पण अर्जात 'परिसरातील नागरिक' असं लिहिताना माझा हात थांबला होता, तेही सांगून टाकते. कारण परिसरातले नागरिक म्हणजे कोण? शेजारीण रोज सकाळी निंबाचा पाला गोळा करून फाटकासमोर पेटवते आणि त्यात दुधाच्या पिशव्या टाकते. माझा भाऊ तेल्हाऱ्याकडे शेती करतो, तो दरवर्षी कापूस वेचून झाला की उभ्या वावरातली पऱ्हाटी जाळतो. त्याला फोनवर बोलले तर म्हणतो, "मंग का करू बाई? उपटायले मजूर भेटत नाही. बारीक करायची मशीन गावात एकच, ते कोनाकोनाच्या वावरात जाईन? काडी लावली का एका दिवसात मोकळं. तुले शयरात बसून का समजते?" मी रागावून फोन ठेवला. राग खरा होता, पण त्याचं बोलणंही खोटं नव्हतं.

आणि मी स्वतः? शाळेत दर शनिवारी साफसफाई असायची. पोरं कागद, पुड्या, प्लास्टिक गोळा करायची आणि शाळेमागच्या खड्ड्यात मी माझ्या हातानं काडी लावायचे. एका शनिवारी तर नेमका हवेच्या प्रदूषणाचा धडा शिकवून झाला होता. चौथीतली एक पोरगी खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, मंग आपून काहून जाळतो?" मी म्हटलं, "बस खाली." ती बसली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तर प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला. मग दुसरा केला, पहिला सापडत नाही म्हणाले म्हणून. मग स्मरणपत्र. या टेबलावरून त्या टेबलावर. एका साहेबांनी विचारलं, "तुम्ही एकट्याच कशा तक्रार करता? बाकीच्यांना त्रास नाही का?" मी म्हटलं, "साहेब, ज्याचं जळतं त्याला कळतं." त्यांनी मान डोलावली आणि फाइल बंद केली. असं करत पाऊस येऊन गेला, भट्टी विझली, पुन्हा पेटली. आणि पौषात एका दुपारी फोन आला: "उद्या सकाळी येतो, मॅडम. तुमच्या गच्चीवर हवा मोजायचं मशीन ठेवू. एक दिवस चालेल. घरी राहा."

'उद्या साहेब येणार' हे शब्द कानावर पडले की मास्तर माणसाचं काय होतं, हे मास्तरांनाच माहीत.

शाळेत तपासणी असली की आम्ही आदल्या दिवशी शाळा उलथीपालथी करायचो. सारवण, सडा, रांगोळी. मोडके बाक खोलीत कोंडायचे, फळ्यावर सुविचार लिहायचा. आणि ज्या पोरांना वाचता येत नव्हतं, त्यांना जवळ बोलावून हळूच सांगायचं, "उद्या येऊ नका रे, घरीच राहा." सगळ्याच शाळा करायच्या. साहेब यायचे, पोहे खायचे, 'शाळा उत्तम' असा शेरा लिहून जायचे. माझ्या शाळेला एकदाही वाईट शेरा मिळाला नाही.

फोन ठेवला आणि मी पदर खोचला. आधी गच्ची धुतली, साबणानं. मग शेजारणीला सांगितलं, उद्या पाला जाळू नको. ती म्हणाली, "काहून? साहेब येऊन राह्यला काय?" मी हो म्हटलं तर तिनं तिच्याही घरापुढे झाडायला घेतलं. बघता बघता सगळी गल्ली झाडून निघाली. रस्ता आमचा कच्चा, वीतभर फुफाटा. साहेब गाडीतून उतरणार आणि त्यांचे बूट धुळीत जाणार, मला कसंतरीच झालं. मी टँकरवाल्याला फोन केला, सकाळी सहालाच गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी मार म्हटलं. तो म्हणाला, "लगन हाय काय घरी, मॅडम?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "लग्न नाही रे, सरकारी माणसं येतात, भट्टीचा धूर मोजायला!"

हा टँकरवाला भट्टीवरही पाणी टाकतो. चिखल कालवायला पाणी लागतंच ना. हे मला माहीत होतं. पण त्या वेळी ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग राहिले हे. ओसरीवर खुर्चीत बसून माझी धावपळ बघत होते आणि खोकत होते. एकदा खोकला सुरू झाला की तीन-चार मिनिटं चालायचा, डोळ्यांतून पाणी, नंतर वाटीत थुंकायचं. मी म्हटलं, "उद्या तुमी असे खोकत बसले तर ते बिचारे पोहे कसे खातील? पाहुण्यांसमोर खोकू नका."

"मंग मी कुठी जाऊ? कपाटात बसू काय?"

"ताईकडे जा अमरावतीला. दोन दिवस राहा, तुम्हालाही बरं वाटेल."

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. सकाळी पहिल्या बसनं निघाले. पिशवीत पंप, एक पायजमा आणि बहिणीसाठी मी दिलेले तिळाचे लाडू. गल्लीत टँकरनं नुकतंच पाणी मारलं होतं, त्या ओल्या रस्त्यावरून सांभाळून पाय टाकत गेले. फाटकाशी थांबून म्हणाले, "पेपर सोपा जावो, मास्तरीनबाई."

दोघं जण आले. एक मशीन उचलणारा आणि एक साहेब, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, सभ्य, काकू म्हणणारा. मशीन गच्चीवर बसलं, घरघर सुरू झाली. ते हवा ओढतं आणि आत एक पांढरा कागद असतो, त्यावर हवेतला कचरा बसतो. साहेबांनी गल्ली पाहिली, रांगोळी पाहिली, पोहे खाल्ले. वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं घातलं होतं मी. मी नाल्याकडे बोट दाखवलं. भट्टीवरून नुसता एक बारीक पांढरा दोरा वर जात होता. टायर नाही, गोण्या नाहीत. शेजारीण माझ्या कानाशी लागली, "पाहा, तुमच्या धाकानं गुमान बसला." आणि मला ते खरं वाटलं. मी फुगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मशीन उघडून कागद दाखवला. दुधावरच्या सायीसारखा, जरासा पिवळट. ते म्हणाले, "काकू, हवा तर छान आहे की तुमची."

देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. पहिला नंबर आल्यासारखा. माझ्या हवेला चांगला शेरा मिळाला म्हणून मी हसलेसुद्धा. मग तो टँकरवाला आठवला आणि हसू गेलं. पण तोवर साहेब पुढचा प्रश्न विचारत होते: "अर्जात लिहिलंय, घरात श्वासाचा पेशंट आहे. कुठं आहेत?"

"अमरावतीला गेलेत. नणंदेकडे."

"एकटे?"

"हो. बसनं."

"म्हणजे प्रवास करू शकतात," असं म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं. टोमणा नव्हता त्यात, त्यांच्या कागदावर तसा रकाना असेल. मी दारात उभी होते. काय सांगणार होते? की मीच त्यांना घालवलं, कारण ते खोकतात? करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. मला हसू आलं नाही.

महिन्याभरानं पत्र आलं. हवेतील धूलिकणांचे प्रमाण मर्यादेत आढळले, तक्रार निकाली काढण्यात येत आहे. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी टायर पेटले होते. मी खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून आत बसले आणि ते पत्र दोनदा वाचलं. भाषा शुद्ध होती. मग यांना फोन केला. ते हसले, हसता हसता खोकले. "मंग का! तुह्या तपासनीत कवा कोनी नापास झालं हाय काय?"

"हसू नका. माझी अक्कल गहाण पडली होती."

"जाऊ दे व. पोहे तं चांगले झाले होते ना?"

मला रडू आलं. त्यांच्या बोलण्यात जरासाही राग नव्हता, म्हणून जास्तच.

ते तोवर परत येऊन पुन्हा गेले होते. झालं असं की दोन दिवसांसाठी गेले ते अमरावतीला पंधरा दिवस राहिले आणि त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला. अमरावतीची हवा काही देवाघरची नाही, तिथेही रस्ते खोदलेले आणि गाड्यांचा धूर आहेच. पण नणंदेचं घर तळ्याकडच्या भागात, घरामागे भट्टी नाही, इतकाच काय तो फरक. परत आले आणि दोन दिवसांत पुन्हा पलंगाला टेकून बसायला लागले, कारण आडवं झालं की दम लागे. नणंदेनं फोनवर मला फैलावर घेतलं, "माह्या भावाले तिथं ठेवून का करून राह्यली तू? पाठव इकडं." पाठवलं. तेव्हापासून भट्टी चालू असली की ते तिकडे आणि मी इकडे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आमचा संसार असा भट्टीच्या वेळापत्रकावर आला.

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी लिहिलं की मागची पाहणी आगाऊ कळवून झाल्यामुळे योग्य निष्कर्ष निघाला नाही. कोणी कळवलं ते लिहिलं नाही. पुन्हा टेबलं, पुन्हा स्मरणपत्र. आणि चैत्रात फोन आला, परवा येतो म्हणून.

या वेळी मी कोणालाही सांगितलं नाही. शेजारणीला नाही, भावाला नाही, टँकरवाल्याला तर नाहीच. झाडू कोपऱ्यात उभा ठेवला. दोन दिवस खिडक्या पुसल्या नाहीत, गच्चीवर काजळीचा थर बसू दिला. सोपं नव्हतं हो ते. पाहुणे यायचेत आणि ओसरीवर पाय उमटतात, हे पाहून माझे हात शिवशिवत होते. शेजारणीनं सकाळी पाला पेटवला, पेटवू दिला. फक्त यांना फोन केला, "एका दिवसासाठी या. त्या साहेबांना तुम्ही दिसले पाहिजे."

ते आदल्या दिवशी दुपारच्या बसनं आले. बसस्टँडवरून ऑटोत बसून घरी येईपर्यंत त्यांचे ओठ काळसर झाले होते. मला वाटलं, चुकलंच आपलं. परत पाठवावं का? मग मनात आलं, एक दिवस. एकच दिवस सहन केला तर कदाचित कायमचे घरी राहतील. मी स्वार्थी झाले, असं आता म्हणते. तेव्हा मला ते शहाणपण वाटत होतं.

सकाळी त्यांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. भट्टी नेहमीसारखी धडधडत होती, धूर नाल्यावरून सरळ आमच्या ओसरीत. साहेब आले, तेच. रुमालानं नाक झाकून आत आले. मशीन वर बसलं. मग ते यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि चौकशी करायला लागले, "काका, कसं वाटतं? श्वासाला त्रास होतो?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मनात म्हणत होते, खोका. एकदाच खोका, जसे रोज खोकता तसे.

"मले का झालं?" हे म्हणाले. "मजेत हाय. तुमी सांगा साहेब, गाव कोनतं तुमचं? परतवाड्याकडचे दिसता."

गप्पा सुरू झाल्या. साहेबांचं गाव, साहेबांच्या गाडीचा एव्हरेज, इंजिनातून येणारा आवाज कशाचा. हे बोलत होते, दोन-दोन शब्दांनी थांबत होते, पण खोकत नव्हते. गालात खडीसाखर धरली होती. गळ्याची शीर तटतटून वर आली होती, कपाळावर घाम. आणि चेहरा हसरा. मला नंतर मोरीत पंप सापडला. साहेब यायच्या आधी तो कितीदा दाबला कोण जाणे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, हे खोटं बोलतात. यांना रात्ररात्र बसून काढावी लागते. अहो, खोका ना! काहून दाबून राहिले?"

साहेब ओशाळले. हे माझ्याकडे पाहून हसले आणि साहेबांना म्हणाले, "मास्तरीन हाय ना, चूक काढल्याबिगर राहवत नाही तिले. चहा घ्या, थंडा होते."

साहेबांनी चहा घेतला, काहीतरी लिहिलं, नमस्कार केला. हे उठून फाटकापर्यंत पोचवायला गेले. गाडी वळली. आणि ते तिथेच फाटक धरून खाली बसले.

तसा खोकला मी कधी ऐकला नव्हता. खोकलासुद्धा नव्हता तो, आत हवा जायला जागाच नव्हती. शेजारीण धावली, तिच्या जावयानं ऑटो आणला, आम्ही त्यांना उचलून आत घातलं. वाटेत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी वेड्यासारखी एकच विचारत होते, "काहून नाही खोकले? त्यांच्यासमोर काहून नाही खोकले तुमी?"

दवाखाना दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "तूच तं... सांगतलं होतं. पाहुन्यासमोर... खोकू नका म्हून."

सहा दिवस दवाखान्यात होते. नाकाला नळी होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता त्या घरात यांना एक दिवससुद्धा ठेवायचं नाही. मी मान हलवली. एकतीस वर्षांत किती पोरांना मी तपासणीच्या दिवशी घरी बसवलं, त्यांची तोंडं दवाखान्याच्या बाकावर बसून एकेक आठवायला लागले तर एकही नीट आठवेना. त्यांच्यापैकी एकानंही मला काहून असं विचारलं नव्हतं. मान हलवून गेली होती सगळी. यांनीही विचारलं नाही. सांगितलं तसं केलं.

मशीनचा कागद या वेळी काळा निघाला. पत्र आलं: प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त. भट्टीवाल्याला नोटीस गेली, भट्टी बंद पडली. तेव्हा मृग तोंडावर आला होता, भट्टी तशीही बंदच व्हायची होती. दिवाळीनंतर पुन्हा पेटली. आता टायर जाळत नाहीत म्हणतात. कोळसाच जाळतात म्हणतात. शेजारणीनं परसात खड्डा केला आहे आणि पाला त्यात टाकते, आठवण राहिली तर. भावानं या वर्षी अर्ध्या वावरात मशीन फिरवून पऱ्हाटीचा चुरा केला आणि अर्धी जाळली. "बाई, तुह्या म्हनन्यासाठी अर्ध्यात केलं," म्हणाला. मी म्हटलं, बरं केलं. आणखी काय म्हणू? वाद घालायचं त्राण राहिलेलं नाही.

घर विकायला काढलं आहे. लोक बघायला येतात. खोल्या आवडतात, गच्ची आवडते. मग मागची खिडकी उघडतात, नाल्यापलीकडे बघतात आणि चहा घेऊन जातात. नणंदेचं घर दोन खोल्यांचं, तिथे आणखी एक माणूस मावत नाही. मी शनिवारी जाते, रविवारी संध्याकाळी परत येते. बाकीचे दिवस फोन.

आधी मी फोनवर विचारायचे, कसे आहात? "मजेत हाय," असं उत्तर यायचं. रोज. त्या एका शब्दाची मला आता भीती वाटते. म्हणून मी विचारणंच बंद केलं. आता फोन लावते आणि म्हणते, काही बोलू नका. फोन तोंडाजवळ धरा आणि पाच श्वास घ्या. ते घेतात. मी डोळे मिटून मोजते.

काल तिसऱ्या श्वासाला बारीक शिटी ऐकू आली. मी विचारलं, "हे काय वाजतं?"

"पंखा हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, पंखा बंद करा. त्यांनी केला. बटणाचा आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी चौथा श्वास घेतला, आणि शिटी तशीच होती.